सायकलस्वाराची पडशी

मंडळी, 'पडशी' हा शब्द इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवरून सहसा गेलेला नसतो. खांद्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर टाकायची, दोन्ही बाजूंना खण असलेली कापडी पिशवी म्हणजे पडशी. या देशात सायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ज्या पिशव्या लटकवलेल्या दिसतात आणि ज्यांना दुकानात 'पॅनियर' म्हणतात, ती आपली पडशीच. फक्त घोड्याच्या जागी सायकल आली.

आपल्या मंडळातल्या काही घरांत हल्ली या पडशीचा प्रश्न उभा राहू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी मित्रमैत्रिणींबरोबर चार-पाच दिवसांच्या सायकलप्रवासाला निघते. आई विचारते, "वाटेत खाणार काय?" बाबा विचारतात, "पाऊस आला तर घालणार काय?" आणि दोघांच्याही मनात असलेला, पण उघड न विचारलेला तिसरा प्रश्न असतो, "अंधार पडला तर आपल्या पोरांना दार कोण उघडेल?" आम्हा स्वयंसेवकांकडे पालकांनी सामानाची यादी मागितली. यादी या लेखात पुढे आहेच. पण ती तयार करताना आम्ही या विषयाच्या इतिहासात थोडे शिरलो, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पडशीतली प्रत्येक वस्तू म्हणजे रस्त्यावर जे मिळणार नाही त्याची भरपाई असते. रस्ता जितका ओळखीचा, तितकी पडशी हलकी. तेव्हा पडशीत काय घालावे हे ठरवण्याआधी रस्ता आपल्याला काय देतो हे पाहावे लागते. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर तिसऱ्या प्रश्नात दडलेले आहे ते असे.

सुरुवात सर्वांत हलक्या पडशीपासून करू. टॉमस स्टीव्हन्स हा हर्टफर्डशरमधल्या बर्कमस्टेड गावात १८५४ साली जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला माणूस, म्हणजे आपल्यासारखाच परदेशी गेलेला. २२ एप्रिल १८८४ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोहून सायकलवर निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये जपानमधल्या योकोहामाला पोहोचला. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य. सायकलही कशी, तर पुढचे चाक खूप मोठे आणि मागचे अगदी लहान, अशी जुन्या धर्तीची. हॅंडलला अडकवलेल्या पिशवीत त्याने काय घेतले होते? मोजे, एक जास्तीचा सदरा, तंबूचे आणि अंथरुणाचेही काम देणारा एक रेनकोट आणि एक पिस्तूल. बस्स. अमेरिका, इंग्लंड, युरोप, तुर्कस्तान, इराण, मग लाहोरहून ग्रॅंड ट्रंक रोडने कलकत्ता, पुढे चीन आणि जपान, अशी सुमारे १३,५०० मैलांची रपेट त्याने केली.

एवढ्याशा सामानात हे कसे जमले? तर इराणमध्ये हिवाळा लागला तेव्हा तो तेहरानला पाहुणा म्हणून राहिला. हिंदुस्थानात आला तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि गोऱ्या प्रवाशासाठी सबंध ग्रॅंड ट्रंक रोडवर डाकबंगले होते. त्याच्या पडशीत अन्न नव्हते, कारण त्याला दारे उघडी होती. त्याच्या धाडसाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण हलकी पडशी नुसत्या धाडसातून येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

इंग्लंडमधल्या सामान्य सायकलस्वाराला असे डाकबंगले नव्हते. म्हणून त्यांनी ते स्वतः उभे केले. ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेट येथे 'बायसिकल टूरिंग क्लब' स्थापन झाला. १८८३ साली त्याचे नाव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' असे झाले आणि २०१६ पासून तो 'सायक्लिंग यूके' या नावाने ओळखला जातो. या क्लबने गावोगावच्या खाणावळी आणि हॉटेले यांच्याशी करार करून दर ठरवून घेतले आणि त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची पाटी लावली. अशी एखादी पाटी जुन्या इमारतीवर अजूनही दिसते. ही पाटी दिसली की थकल्याभागल्या सायकलस्वाराला जेवण आणि अंथरूण मिळणार, हे नक्की. १८९९ साली क्लबची सभासदसंख्या साठ हजारांपर्यंत गेली होती. एका पाटीने साठ हजार पिशव्यांतले वजन कमी केले म्हणा ना!

या क्लबने कपड्यांचाही विचार केला. पहिला गणवेश गडद हिरव्या सर्जचा होता. त्यावर रस्त्याची धूळ फार दिसू लागली, तेव्हा रंग बदलून करडा केला. पण रंगापेक्षा महत्त्वाचे म्हणजे कापड लोकरीचे होते, आणि इथे आम्हा रसायनशास्त्राच्या माणसांना थोडे बोलू द्यावे. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम पाणी आपल्या तंतूंच्या आत सामावून घेते. सुती कापड घेते साधारण साडेआठ, नायलॉन चार आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. लोकरीने आत घेतलेले हे पाणी हाताला जाणवत नाही, आणि ते शोषताना थोडी उष्णता बाहेर पडते. शिवाय लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली हवा भिजल्यावरही पूर्णपणे निघून जात नाही. सुताचे उलट असते. सुती सदरा घामाने भिजला की अंगाला चिकटतो, आणि उतारावर वारा लागला की ते पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जाते. मुंबईच्या उकाड्यात हेच सुख वाटते. पेनाइन्सच्या डोंगरात, बारा अंश तापमानात, त्याच सदऱ्याने हुडहुडी भरते.

हे ज्ञान आपल्याला नवे नाही. सह्याद्रीतला धनगर भर पावसाळ्यात घोंगडी घेतो, सुती चादर नव्हे. शेतात लावणी करणारी बाई डोक्यापाठीवर इरले घेते. इरले वरून झाकते आणि खालून मोकळे असते, त्यामुळे वाकून काम करताना घाम कोंडत नाही. इंग्रज सायकलस्वाराची 'केप' म्हणजे हेच इरले. घोंगडी आणि इरले हीच जोडी इथे 'वूलन जर्सी आणि केप' या नावाने शंभर वर्षे चालली.

कपड्यांचा प्रश्न मात्र सर्वांना सारखा नव्हता. घोळदार लांब झग्यात सायकल चालवणे म्हणजे चाकात कापड अडकून पडण्याची निश्चिती. आपल्या आज्या-पणज्यांनी नऊवारीचा काष्टा घालून पाय मोकळे ठेवण्याचा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. इथल्या बायकांना तो सोडवण्यासाठी भांडावे लागले. लेडी हार्बर्टन या बाईंनी गुडघ्याखाली आवळलेल्या सैल विजारीचा, ज्याला 'रॅशनल ड्रेस' म्हणत, आयुष्यभर पुरस्कार केला. ऑक्टोबर १८९८ मध्ये त्या सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकम गावी 'हॉटबॉय' या हॉटेलात पोहोचल्या. तिथे मालकीणबाईंनी या वेषात कॉफी रूममध्ये बसू देण्यास नकार दिला आणि बार पार्लरमध्ये बसा असे सांगितले. त्या हॉटेलवर क्लबची पाटी होती. क्लबने खटला गुदरला. १८९९ साली निकाल लागला तो मालकीणबाईंच्या बाजूने, कारण जेवण नाकारलेले नव्हते, फक्त दुसऱ्या खोलीत देऊ केले होते.

आमच्या मते सायकलच्या इतिहासातला हा प्रसंग आपण लक्षात ठेवावा असा आहे. पाटी सर्वांसाठी होती, पण दार सर्वांना सारखे उघडत नव्हते. काय घालायचे हा प्रश्न तेव्हा थंडी-पावसाचा नव्हताच. या कपड्यांत मला आत घेतील का, असा तो प्रश्न होता. 'दुसऱ्या खोलीत बसा' या वाक्याचा अर्थ आपल्यापैकी जुन्या मंडळींना वेगळा समजावून सांगायला नको.

आता पाऊस. या देशात पावसाचा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवला, हे अभिमानाने सांगायला हवे. कोळशापासून दिव्यांसाठी गॅस काढताना डांबर उरत असे. त्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळते याचा उपयोग करून ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट घेतले. कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा एक थर, असा हा जलरोधक सॅंडविच होता. थंडीत तो कडक होई आणि उन्हात चिकट. १८४० च्या दशकात रबरात गंधक मिसळून तापवण्याची युक्ती सापडली तेव्हा ही खोड गेली. पण दुसरी खोड गेली नाही. जे कापड पाऊस आत येऊ देत नाही ते घामही बाहेर जाऊ देत नाही. चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. तेव्हा बंद रेनकोटातला सायकलस्वार बाहेरून कोरडा आणि आतून ओलाचिंब! म्हणून तर तळाशी मोकळी असलेली केप इतकी वर्षे टिकली.

दुसऱ्या महायुद्धात मॅंचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने 'व्हेंटाइल' हे कापड तयार केले. थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांचा जीव वाचावा हा हेतू होता. ते निव्वळ सुती कापड आहे, पण इतके घट्ट विणलेले की पाणी लागताच तंतू फुगतात आणि छिद्रे मिटतात. लॅंकेशरमधल्या नेल्सन गावी १९३२ पासून शिवल्या जाणाऱ्या कॅरडाइसच्या जाड सुती सायकल-पिशव्यांमागेही हेच तत्त्व आहे. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. तोच 'टेरिलीन', आणि आपल्या वडिलांच्या पिढीतला 'टेरिकॉट' त्याचाच वंशज. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून त्याचे सूक्ष्म छिद्रांचे पटल बनवले. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ मात्र जाते. अर्थात हेही निर्वेध नाही. या प्रकारची फ्लोरीनयुक्त रसायने निसर्गात विघटन न होता साठत राहतात हे कळल्यावर अलीकडे त्यांच्याऐवजी दुसऱ्या बहुवारिकांची पटले येऊ लागली आहेत. दोनशे वर्षे झाली, प्रश्न तोच आहे: पाऊस बाहेर ठेवून घाम कसा जाऊ द्यावा?

इथपर्यंतची सगळी कथा पाटी असलेल्या रस्त्यांची झाली. आता पाटी नसलेल्या रस्त्यांवर जाऊ, आणि ही कथा आपल्या मुंबईची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या सफरीला निघाले. त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. प्रवास झाला सुमारे ७१,००० किलोमीटरचा. बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया, मग युरोप, ब्रिटन, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि आग्नेय आशिया. १९३१ साली त्यांनी आपला वृत्तान्त इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

बगदाद ते आलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटरचे अंतर त्यांनी २३ दिवसांत कापले. आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. वाळवंटात सायकल हाकणाऱ्या माणसाला दिवसाला सहा लिटर पाणी धरा. तेवीस दिवसांचे झाले १३८ किलो. दिवसाला चार हजार कॅलरी धरल्या तर कोरड्या पिठाच्या रूपात त्या सुमारे २६ किलो होतात. एवढे सामान माणशी कोणतीही सायकल वाहू शकत नाही, मग तो वजने उचलणाऱ्यांच्या क्लबाचा पैलवान का असेना! म्हणजे वाटेतल्या विहिरी, नदी, ठाणी आणि अनोळखी माणसे यांच्यावर त्यांना विसंबावेच लागले. कुठल्या घरावर पंखवाल्या चाकाची पाटी नव्हती. राज्य त्यांचे नव्हते, भाषा त्यांची नव्हती. स्टीव्हन्सला उघडलेली दारे त्यांना प्रत्येक गावी नव्याने ठोठवावी लागली. तरीही ती उघडली, हा या सफरीचा मोठा धडा आहे. सामान किती न्यावे याचे गणित शेवटी माणसांपाशी येऊन थांबते.

ते परतले त्याच सुमारास इथे ब्रिटनमध्ये दारे उघडण्याचे काम आणखी पुढे गेले होते. १९३० साली 'यूथ हॉस्टेल्स असोसिएशन' स्थापन झाली. गिरणीत किंवा कचेरीत राबणाऱ्या पोरांना एका शिलिंगात रात्रीचा निवारा मिळू लागला. हॉस्टेलात स्वयंपाकघर होते, भांडी होती, पांघरूण होते. पडशीतून एकदम तंबू, स्टोव्ह आणि वळकटी गेली. उरली फक्त चादरीची शिवलेली पिशवी आणि स्वतःचा शिधा. जानेवारी १९४० मध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले ते सप्टेंबर १९५३ पर्यंत टिकले. त्या काळात कुणाकडे उतरायला जाताना आपली साखर आपण न्यायची रीत पडली होती. रस्त्याने एक वस्तू काढून घेतली की ती पडशीत परत येते, ती अशी.

जानेवारी १९६३ मध्ये, त्या शतकातल्या अत्यंत कडक हिवाळ्यात, डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई सायकलवर बसून एकटी दिल्लीला निघाली आणि त्याच वर्षी पोहोचलीही. पडशी लहान ठेवण्यासाठी तिने एक साधी युक्ती केली. जास्तीचे टायर बरोबर न घेता वाटेतल्या वकिलातींकडे आधीच पाठवून ठेवले. पिस्तूल मात्र तिनेही घेतले होते. एकट्या बाईला रस्ता काय देणार नाही याचा तो तिचा हिशेब होता.

आणि सर्वांत जवळची गोष्ट २०१८ सालची. पुण्याची वेदांगी कुलकर्णी इथे बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती. त्या वर्षी तिने ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघून चौदा देशांतून सुमारे २९,००० किलोमीटरचा प्रवास केला. १५९ दिवसांनी, डिसेंबरमध्ये, तिने कोलकात्याला मजल पुरी केली तेव्हा ती वीस वर्षांची होती. बहुतेक अंतर एकटीने, आपले सामान आपण वाहत. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले, रशियात बर्फात एकटीने रात्री काढाव्या लागल्या. उणे वीस अंशांपासून सदतीस अंशांपर्यंतचे तापमान एकाच प्रवासात! त्यासाठी कपडे निवडणे म्हणजे काय, याचा विचार करावा. जाड एकच कोट उपयोगाचा नाही. पातळ पातळ थर हवेत, जे एकेक करून चढवता आणि उतरवता येतील. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तिघा मुंबईकरांनंतर ही आपल्या घरातलीच मुलगी. तेव्हा 'सायकलप्रवास हे आपल्या लोकांचे काम नाही' असे जे कुणी म्हणत असेल, त्याला ही नावे सांगावीत.

आता शिदोरीकडे वळू. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते, म्हणजे सुमारे २,००० कॅलरी. जोर लावून सायकल चालवली तर हा साठा दोन-तीन तासांत तळाला जातो. मग एकाएकी पायांतले बळ जाते, डोके हलके होते, चिडचिड सुरू होते. इथले सायकलवाले याला 'नॉक' किंवा 'बॉंक' म्हणतात. उपाय एकच: भूक लागण्याआधी खाणे, दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडे थोडे. इंग्रजांनी यासाठी केंडल मिंट केक शोधला. १८६९ पासून केंडल गावी बनणारा हा पदार्थ म्हणजे साखर, ग्लुकोज आणि पुदिन्याचा अर्क, आपल्या वड्यांचा गोरा भाऊ. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. १९२७ साली न्यूकॅसलच्या विल्यम हंटर या केमिस्टने आजाऱ्यांसाठी ग्लुकोजचे पेय काढले, ते पुढे 'लुकोझेड' झाले.

आपल्या शिदोरीत याहून काही कमी नाही. शेंगदाण्याची चिक्की घ्या. गुळातली साखर लवकर रक्तात उतरते आणि दाण्यातले तेल मागाहून सावकाश पुरते. चिक्कीत मोकळे पाणी नसते, म्हणून ती बुरसत नाही. मात्र गूळ हवेतले पाणी ओढतो आणि इथल्या दमट हवेत चिक्की चिवट होते, तेव्हा ती घट्ट गुंडाळून न्यावी. गुळपोळी आणि बेसनाचा लाडू याच कारणाने टिकतात. दशमी दुधात भिजवतात म्हणून मऊ राहते आणि दोन दिवस सहज जाते. हजार वाटसरूंनी हे प्रयोग आपल्यासाठी करून ठेवलेले आहेत. पिशवीत नेऊ नये ते म्हणजे दहीभात, ओल्या नारळाची चटणी आणि कालची बटाट्याची भाजी.

पाण्याचेही तसेच. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात आणि पाण्याला बरोबर नेतात. या तत्त्वाच्या आधारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. आपल्या लिंबाच्या सरबतात तेच आहे. लिटरभर पाण्यात साठेक ग्रॅम साखर, दोन चिमटी मीठ आणि लिंबू. दुकानातल्या रंगीत बाटलीची गरज नाही.

तर पालकांनी मागितलेली यादी अशी. चार दिवसांसाठी अंगाला लागून घालायचे पातळ लोकरीचे दोन सदरे, एक अंगावर आणि एक पिशवीत. त्यावर एक मधला थर, त्यावर पाऊस रोखणारे पातळ जाकीट किंवा केप. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवावेत. मोज्यांचे तीन जोड, हातमोजे, दिवा, पंक्चरचे सामान. प्लॅस्टिकच्या पिशव्या भरपूर, कारण पडशी कितीही चांगली असली तरी कोरडे कपडे आतही वेगळे बांधलेले बरे. खाण्यात दिवसाला चार-पाच चिक्क्या, दोन लाडू, पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणि लिंबाचे लोणचे. एवढेच. दुपारचे जेवण वाटेतल्या कॅफेत करावे. बेक्ड बीन्स आणि टोस्ट हे शाकाहारी माणसाला कुठेही मिळणारे चांगले खाणे आहे.

यादी इतकी लहान पाहून काही आयांना ती अपुरी वाटेल. त्यांनी आपल्याच पहिल्या प्रवासाची आठवण काढावी. १९६० च्या दशकात इथे आलेल्या आपल्या मंडळींना परकीय चलन मिळत असे ते तीन पौंड. बॅगेत मात्र प्रेशर कुकर, गोडा मसाला, पोहे आणि पापड असत. कारण इथे काय मिळेल, कोण भेटेल याचा पत्ता नव्हता. आज भारतातून येणारे विद्यार्थी कुकर आणत नाहीत. त्यांच्या बॅगा हलक्या झाल्या, कारण आधी आलेल्यांनी इथे दुकाने काढली, मंडळे चालवली, नवख्याला चार दिवस घरात ठेवून घेतले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले तेव्हापासून हे काम चालू आहे. आपणही रस्ता ओळखीचा करत आलो.

आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर पाहा. पताका, टाळ आणि एक लहानशी पिशवी. त्याचे अंथरूण आणि दिंडीची भांडी पुढे ट्रकमधून जातात, आणि वाटेवरची गावे भाकरी-पिठले घेऊन उभी असतात. वारकऱ्याची पडशी जगातल्या कोणत्याही हायटेक कापडाने हलकी झालेली नाही. ती गावांनी हलकी केली आहे.

म्हणून आम्ही एक विनंती करतो. लॅंड्स एंडपासून जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत सुमारे ८७० मैलांच्या पट्ट्यात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, आपली किती घरे असतील? सायकलवरून आलेल्या आपल्या कुणाच्याही मुलाला किंवा मुलीला एक रात्र उतरायला जागा, गरम पाणी आणि पिठले-भात एवढे जे देऊ शकतील, त्यांनी आपले नाव मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावे. यादी छापली जाणार नाही. ती चिटणिसांकडे राहील आणि निघणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारूनच पत्ता दिला जाईल. अठरा वर्षांखालील मुलांबरोबर एक मोठे माणूस असावे, ही अट आहे. सायकल आपल्या घरातल्या कुणाला चालवता येत नसली तरी चालेल. दार उघडता आले म्हणजे पुरे.

असे तीस-चाळीस पत्ते जमले, तर पुढच्या उन्हाळ्यात निघणाऱ्या प्रत्येक पडशीतून दोन किलो तरी वजन कमी होईल, आणि मागे घरी राहणाऱ्यांच्या मनावरचे त्याहून अधिक. नावे ईस्टरपूर्वी आली तर सोय होईल.